चि. तेविता यास

लेलेकाका पेपर शेवटच्या पानापासून वाचायला घेतात आणि त्यात एकच शब्द शोधतात: लेले. परीक्षेचे निकाल, निविदा, निधनवार्ता, हरवले-सापडले, काही म्हणजे काही सोडत नाहीत. सापडला की लाल पेनाने खाली रेघ, आणि मग फोनाफोनी. पूर्वी रेल्वेच्या डब्यांवर रिझर्वेशनचे कागद चिकटवत, तेव्हा काका कुठेही जायचं नसताना इंदूर स्टेशनवर जाऊन ते कागद वाचत. कागदावर लेले दिसला की डब्यात चढायचं, बर्थ शोधायचा आणि उशीत हवा भरत बसलेल्या गृहस्थाला विचारायचं, "कुठले लेले?" एकदा या चौकशीत गाडी सुटली. काका देवासला उतरले, पण त्या गृहस्थाच्या चार पिढ्या वहीत घेऊनच उतरले.

मी मूळची सांगलीची. बँकेने उचलून इंदूरच्या पलासिया शाखेत टाकलं, तेव्हा राहायला जागा मिळाली ती मल्हारगंजात, लेलेकाकांच्या वरच्या मजल्यावर. खाली कूलरच्या टाक्या ठोकण्याचा कारखाना, मधल्या मजल्यावर काका, वर मी. जागा दाखवताना त्यांनी भाडं सांगायच्या आधी विचारलं, "आईच्या माहेरी कोणी लेले?"

"नाही."

"आजीच्या?"

"नाही हो."

"बघा न जरा, मॅडमजी. असतो. कुठे तरी असतोच." मी लेले नाही हे त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं, पण शोध काही सोडला नाही. अजूनही माझी आई इकडे आली की तिला पोह्यांच्या बशीबरोबर एक कोरा कागद मिळतो.

या सगळ्याचं मूळ म्हणजे कुलवृत्तान्त. एका आडनावाची सगळी घराणी, त्यांच्या शाखा-उपशाखा, कोण कोणाचा मुलगा, काय शिकला, कुठे नोकरी केली, असा हजार पानांचा ग्रंथ. ज्याच्या घरी असतो त्याच्याकडे तो कपाटाच्या वरच्या फळीवर असतो आणि पाहुण्यांना दाखवण्यापुरताच खाली येतो. लेल्यांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघणार होती आणि काका तिचे इंदूर विभागाचे प्रतिनिधी. तसं त्यांनी व्हिजिटिंग कार्डावर छापूनही घेतलं होतं. निवृत्त हेडक्लार्क हे त्याखाली, बारीक अक्षरात.

हेडक्लार्की मात्र अंगातून गेलेली नाही. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सारखं येतं: "पुढील माहिती नाही." प्लंबर आला का विचारलं, तर "नऊ वाजता घरून निघाला. पुढील माहिती नाही." गॅसचा सिलिंडर? "गाडी राजवाड्यापर्यंत आली. पुढील माहिती नाही." एकदा माझी डाळ करपल्याचा वास खाली गेला, तर जिन्यातून आवाज आला, "मॅडमजी, डाळ लागली आहे! पुढील माहिती तुम्ही द्या."

तर गेल्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. रविवारी सकाळी काका गल्लीच्या तोंडाशी दाढीला बसले होते. दुकानातल्या टीव्हीवर कुठला तरी परदेशी खेळ चालू होता. न्हाव्याने डावा गाल संपवून उजव्या गालाला साबण लावला, आणि पडद्यावर एका धिप्पाड खेळाडूच्या खाली नाव आलं. टी. लेले.

काका उठले आणि गळ्यात टॉवेल, एका गालावर फेस, अशा अवस्थेत धावत माझ्या दाराशी आले. "मॅडमजी! भेटून गेला! एक लेले भेटून गेला! तुमचा लॅपटॉप लावा, जल्दी!"

इंदुरी मराठीत 'भेटून गेला' म्हणजे सापडला. मी लॅपटॉप लावला. खेळ रग्बी लीग, देश ऑस्ट्रेलिया, खेळाडूचं नाव तेविता लेले. कविता, सविता, तेविता. काकांना भरून आलं. "मुलगी आहे! अरे भिया, आपली मुलगी तिकडे जाऊन खेळून राहिली!"

तेवढ्यात कॅमेरा जवळ गेला. दाढी, मांडवाच्या खांबासारखी मान, एकशे अठरा किलो वजन, आणि तुटका दात दाखवत थुंकणारा तेविता. काकांनी गालावरचा फेस टॉवेलने पुसला. मग म्हणाले, "मुलगा आहे. चालेल."

तेविता मूळचा टोंगाचा. पॅसिफिक महासागरात ठिपक्याएवढी बेटं आहेत, तिथला. हे मी काकांना नकाशासकट दाखवलं. मला वाटलं, विषय संपला. पण काका नकाशाकडे बघत खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे विष्णू तिथपर्यंत गेला होता तर."

विष्णू म्हणजे काकांच्या आजोबांचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, तालमीत घुमणारा, एका बैठकीत वीस पोळ्या खाणारा. अठराव्या वर्षी वडिलांशी भांडून घरातून गेला. मुंबईला बोटीवर चढताना कोणी तरी पाहिला, एवढंच. जुन्या कुलवृत्तान्तात त्याच्या नावापुढे लिहिलं आहे: "देशांतरास गेला. पुढील माहिती नाही." काकांचं ते आवडतं वाक्य कुठून आलं, ते मला त्या दिवशी कळलं.

मग काकांनी पुरावे जमवायला घेतले. बोटी फिजीला जात. फिजीहून टोंगा किती लांब? उंची विष्णूची. भूक विष्णूची. तेविता डावखुरा, काकांचे वडील डावखुरे. मी म्हटलं, "काका, नाक बघा. अगदी चपटं आहे."

"ते मोडलेलं आहे मॅडमजी. तीनदा. मोडण्याच्या आधी लेल्यांचंच असणार."

पुण्याला संपादक मंडळाचे चिटणीस नाना लेले असतात. काकांनी त्यांना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकला. नाना शांतपणे म्हणाले, "गोविंदराव, आपल्यात एकशे अठरा किलोचा कोणी झालेला नाही."

"म्हणून तर वेगळा रकाना ठेवा न त्याच्यासाठी!"

"लेखी पुरावा पाठवा. दिवाळीच्या आत. मग फॉर्म छपाईला जातील."

दिवाळीच्या आत. तेव्हापासून काकांच्या घरचं पंचांग बदललं. सिडनीतली रविवार दुपार म्हणजे आपली सकाळ. कूलरचा कारखाना बंद, गल्ली शांत, साडेनऊला सामना. काका पोहे-जलेबी आणत, पोह्यांवर जिरावनचा मसाला भुरभुरवत आणि लॅपटॉपसमोर मला बसवत. नियम मी वाचून सांगायची, अर्थ ते लावायचे.

तेरा-तेरा माणसं. हातात चेंडू घेऊन समोरच्यांच्या भिंतीवर धावायचं. पाडलं की उठायचं, चेंडू टाचेने मागच्याला द्यायचा, पुन्हा धावायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. आणि गंमत म्हणजे हाताने चेंडू पुढे टाकायचा नाही. द्यायचा तर मागेच.

"म्हणजे सरकारी फाइल आहे ही," काका म्हणाले. "पुढे न्यायची असली तर आधी दोन टेबलं मागे पाठवावी लागते."

तेविताची जागा कोणती, तर प्रॉप. हा फॉरवर्ड लोकांतला. हे ऐकून काका पुन्हा खूश. "फॉरवर्ड? छत्तीस वर्षं मीही तेच केलं न! प्रत्येक कागदावर शिक्का, 'फॉरवर्डेड', खाली सही. आणि प्रॉप म्हणजे?"

"टेकू," मी म्हटलं.

"बिलकुल. टेकूच होतो मी."

खरं सांगायचं तर प्रॉपचं काम बघायला काही मजा नाही. सामना सुरू झाला की पहिला चेंडू यानेच घ्यायचा आणि सरळ तीन माणसांच्या अंगावर जायचं. दहा मीटर मिळतात, कधी आठ. पडायचं, उठायचं, श्वास घ्यायच्या आत परत रांगेत. मैदानाच्या कडेला सडपातळ, केस नीट बसवलेली पोरं उभी असतात. ह्यांनी रेटून जागा केली की ती तिथून सुसाट पळतात, रेषेपलीकडे चेंडू टेकवतात आणि फोटो त्यांचा येतो. तेविताने तेरा वर्षांत असे किती वेळा टेकवले असतील? एका हाताची बोटं उरतील. तीन क्लब झाले, एकदा जबडा, तीनदा नाक, दोन्ही खांदे. पेपरात नाव यायचं ते फक्त तेरा जणांच्या यादीत.

"टाळ्या का नाही वाजवत याच्यासाठी?" काका चिडत. "सगळं रेटून हा राहिला आणि सत्कार त्या पळपुट्याचा!"

मग त्यांनी स्वतःच हिशेब ठेवायला घेतला. जुन्या ऑफिसची लांब वही, मध्ये रेघ, डावीकडे 'पडला', उजवीकडे 'उठला'. तेविता पडला की डावीकडे एक रेघ, उठला की उजवीकडे. सामना संपला की दोन्हीकडची बेरीज आणि खाली सही. पडला एकवीस, उठला एकवीस. पडला सतरा, उठला सतरा. जुळलं की काका चष्मा काढून पुसत आणि उरलेली जलेबी मला देत.

याच सुमाराला पत्रं सुरू झाली. काका मराठीत मजकूर सांगत आणि मी तो इंग्रजीत करून तेविताच्या इन्स्टाग्रामवर पाठवत असे. मायना ठरलेला: "चि. तेविता यास अनेक आशीर्वाद." पुढे लगेच: "विषय: दिनांक अमुकच्या सामन्यात उजव्या खांद्याने धडक घेतल्याबाबत." मग त्या दिवशीची पडला-उठलाची बेरीज आणि तीन मुद्दे. मग हळदीचं दूध. शेवटी, "योग्य ती कार्यवाही व्हावी."

सगळ्याचं भाषांतर जमलं, अडलं ते 'चि.' पाशी. चिरंजीव म्हणजे मुलगाही आणि नुसता लहानही, आशीर्वादही आणि पदवीही. इंग्रजीत 'डियर' लिहून बघितलं, तर काका म्हणाले, "डियर तर विजेचं बिल पाठवणारेही लिहितात." शेवटी कंटाळून मी इंग्रजी अक्षरांत नुसतं 'ची' लिहिलं, पुढे एक टिंब दिलं आणि पाठवून दिलं. दर रविवारी एक पत्र. उत्तर एकाचंही नाही. मला ते अपेक्षित होतं. मनातल्या मनात मी तेविताची माफीही मागत असे.

आणि मी थोडी वैतागलेही होते, हे कबूल केलं पाहिजे. माझा रविवार, माझा लॅपटॉप, माझं इन्स्टाग्राम. एकदा मी जरा फटकळपणे म्हणाले, "काका, हा एक लेले कमी पडला तर ग्रंथाचं काय बिघडणार आहे? हजार पानं आहेत."

काका उठले. त्यांनी फळीवरून जुना कुलवृत्तान्त काढला, खूण घातलेलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि आत चहा टाकायला गेले. पानावर त्यांची शाखा होती. आजोबांच्या खाली वडील, वडिलांच्या खाली एकच नाव. "गोविंद. बी.कॉम. शासकीय नोकरी. पत्नी सुमती. निपुत्रिक." त्याखाली पाऊण पान कोरं. बाजूच्या शाखेत विष्णू, आणि त्याच्याखालीही कोरं.

सुमतीकाकू जाऊन सात वर्षं झाली. त्यांच्याबद्दल काका फारसं बोलत नाहीत. मी त्या कोऱ्या कागदाकडे बघत बसले आणि मला स्वतःची लाज वाटली. विष्णूच्या खाली तेविता आला असता, तर आजोबांच्या घराण्यातलं निदान कोणी तरी पुढे चाललं असतं. कुठे का असेना, धावत का असेना. काका चहा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या रविवारी पोहे मी आणते."

ऑगस्टमधल्या एका रविवारी तेविता चौदाव्यांदा पडला. दोघे वरून आले, एक खालून, डावा गुडघा भलतीकडे वळला. डावीकडची रेघ काढून काकांचं पेन उजवीकडे येऊन थांबलं.

"उठेल," काका म्हणाले.

सामना थांबला. माणसं धावत आली. काका लॅपटॉपच्या पडद्यावर वाकून म्हणत होते, "उठ न भिया. उठ. चलो, उठो." तेविताला गाडीवर झोपवून बाहेर नेलं. तो हात वर करून काही तरी बोलत होता. खेळ पुन्हा सुरू झाला. काकांनी शेवटपर्यंत पेन खाली ठेवलं नाही. सामना संपल्यावर बेरीज मांडली. पडला चौदा, उठला तेरा. खाली सही केली, पण चष्मा पुसला नाही आणि जलेबी तशीच राहिली.

त्या दिवशीच्या पत्राचा विषय होता: "एक उठणे प्रलंबित असल्याबाबत." मी हसले नाही. जसाच्या तसा पाठवला.

पुढचे दोन महिने बातम्या अशा: ऑपरेशन झालं. मोसम संपला. क्लबने करार वाढवला नाही. एवढीच एक ओळ, यादीत सातवं नाव. काका रोज संध्याकाळी मी बँकेतून आले की जिन्यात उभे असायचे. "काही?"

"नाही काका."

मी वाट बघायची की आता म्हणतील, पुढील माहिती नाही. पण ते म्हणत नसत. मान हलवून आत जात. एरवी प्लंबर आणि सिलिंडरवर सहज उधळलेलं ते वाक्य त्यांना इथे उच्चारवत नव्हतं.

पत्रं मात्र चालूच होती. सामने नव्हते, त्यामुळे विषय संपले आणि काका इतर गोष्टी सांगू लागले. खालच्या कारखान्यात नवं मशीन आलं, सराफ्यात गरडूचे कंद तळायला लागले, वरच्या मॅडमना बढती मिळाली. "सुमती गेली तेव्हा मलाही खुर्चीतून उठायला बरेच दिवस लागले होते, पण उठलो." हे शेवटचं वाक्य मी भाषांतर करताना दोनदा वाचलं.

दिवाळीला आठ दिवस होते. नानांचा फोन येऊन गेला होता, "पुरावा नसेल तर मी नाव काढतो." रविवारी सकाळी आम्ही सवयीने पोहे घेऊन बसलो होतो, आणि माझा फोन वाजला. तेविताचा व्हिडिओ होता.

स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर तो बसला होता. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा थकलेला. दोन बाजूंना दोन लहान मुली, समोर दुसऱ्या खुर्चीवर पट्ट्यात बांधलेला पाय. आवाज विहिरीतून आल्यासारखा, उच्चार असे की काकांच्या फाइलीतल्या इंग्रजीला पत्ता लागेना. काका फक्त 'लेले' आलं की मान डोलवत होते. तो मध्येच हसला, मुली हसल्या. मग त्याने टेबलावर हात टेकले, मुलींनी दोन्हीकडून धरलं, आणि तो हळूहळू, दात आवळून, उभा राहिला. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "फोर्टीन." एवढं मात्र काकांना समजलं.

व्हिडिओ संपला. "काय म्हणाला? लेले लेले म्हणून राहिला होता."

खोटं सांगायला मला अर्धं मिनिट पुरलं असतं. विष्णूचा पणतू निघाला, म्हटलं असतं, आणि पुण्याला एक कागद गेला असता. टोंगाला जाऊन कोण बघणार होतं? पण समोर ती वही उघडी होती. जीव तुटत असताना ज्या माणसाने उठला तेरा असंच लिहिलं, त्याच्याशी खोटं बोलायला जीभ रेटेना.

"काका, तो म्हणतो की तुमचं आणि त्याचं नातं नाही. त्याचे खापरपणजोबाही त्याच बेटावरचे, त्यांची नावं त्याला पाठ आहेत. आणि लेले हा त्यांच्या भाषेतला शब्द आहे. लेले म्हणजे धावणे."

"धावणे?"

"धावणे."

काकांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "मग खरा लेले तोच. आमच्यात तर कोणी बसच्या मागेसुद्धा धावलेलं नाही." ते हसले, पण ते हसू चेहऱ्यावर फार वेळ टिकलं नाही. त्यांनी टेबलावरचा कुलवृत्तान्ताचा फॉर्म घडी करून बाजूला ठेवला. "अजून काय म्हणाला?"

"म्हणाला, पत्रं येतात ती कडेला पळणाऱ्यांना. प्रॉपला कोणी लिहीत नाही. तेरा वर्षांत तुमचीच काय ती आली. पहिली वाचून त्याला वाटलं, कोणी तरी टिंगल करतंय. मग हॉस्पिटलमध्ये पडून असताना मुलींनी सगळी पहिल्यापासून वाचून दाखवली. मी किती वेळा पडलो ते सगळे मोजतात, म्हणाला. किती वेळा उठलो ते या माणसाने मोजलं. म्हणून ते प्रलंबित होतं ते आज निकाली काढतो, असं म्हणून उभा राहिला."

काकांनी वही ओढली. ऑगस्टचं पान काढून उजव्या रकान्यात एक रेघ मारली, तेराचे चौदा केले, आजची तारीख घातली, सही केली. मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

त्यानंतर माझ्यादेखतच पुण्याला फोन लावला. "नानाजी, तेविताचं नाव काढून टाका. नाही, आपला नाही निघाला. विष्णूचं आहे तसंच राहू द्या, पुढील माहिती नाही. आणि तेविताची पुढील माहिती..." त्यांनी वहीवर हात ठेवला. "ती आहे माझ्याजवळ. पण ती ग्रंथात घालायची नाही."

मला वाटलं, आता रविवार संपले. सामने नाहीत, नातं नाही, पुराव्याची गरज नाही. मी लॅपटॉप मिटायला लागले, तर काका म्हणाले, "मिटता कशाला? उत्तर द्यावं लागेल न. लिहा, विषय: डाव्या गुडघ्याबाबत."

"मायना काय घालू?" मी विचारलं. "आता तो आपला कोणी..."

"मायना तोच."

"पण काका, त्याने तेच विचारलंय. शेवटी म्हणाला, प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला 'ची' असतं, ते काय आहे? माझ्या मुली मला घरात ची म्हणूनच हाक मारायला लागल्यात. काय सांगू त्याला?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं. खाली कारखाना बंद होता, गल्लीत कोणी तरी दिवाळीचे आकाशकंदील टांगत होतं. मग ऑफिसात मजकूर सांगत असतील तशा स्वच्छ, सावकाश आवाजात सांगितलं, "लिहा. जो आपल्यापेक्षा लहान असतो, आणि आपण गेल्यावर मागे राहायचा असतो, त्याला चि. म्हणतात."

मी लिहिलं. स्क्रीन नीट दिसत नव्हती, म्हणून जरा वेळ लागला.

"झालं?" काका म्हणाले. "आता हळदीच्या दुधाचं घाला."